ब्रिटनची स्टेट पेन्शन कोल्हापुरात बसून: सेवा चोख, वाढ मात्र बंद

आधी निकाल सांगते, सविस्तर मग बोलूया, कारण बरेचजण शेवटपर्यंत वाचत नाहीत. ब्रिटनची सरकारी पेन्शन, तिकडं जिला स्टेट पेन्शन म्हणतात ती, कोल्हापुरात बसून मागता येते, एजंट लागत नाही, फॉर्मची फी नाही, आणि एकदा सुरू झाली की पैसे थेट इथल्या बँकेत जमा होतात. एवढ्या कामाला मी पाचपैकी साडेचार स्टार देईन. पण इथं कायमचं राहायला आलात की रक्कम जिथल्या तिथं थांबते, दरवर्षीची वाढ नाही, पुढच्या वर्षी नाही आणि वीस वर्षांनीही नाही, आणि त्या नियमाला माझ्याकडून एकसुद्धा स्टार नाही. लेस्टर-लंडनला हयात घालवून आता रंकाळ्याच्या बाजूला फ्लॅट बघणारी मंडळी आपल्याकडं वाढायला लागलीत, त्यांनी टोकन द्यायच्या आधी हे वाचावं म्हणून एवढं टाईप करतेय.

हे सगळं मी आमच्या आत्तीसाठी केलं. आत्ती मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात नर्सिंग शिकली, लग्न होऊन मामांबरोबर इंग्लंडला गेली, तिकडं सरकारी हॉस्पिटलात नोकरी केली, मुलं झाली तेव्हा काही वर्षं घरी होती, मग परत ड्युटी. मामा वारले आणि मुलं आपापल्या संसारात, मग ती म्हणाली मला आता माझ्या माणसांत राहायचंय. ताराबाई पार्कात राहते, सकाळी फिरायला जाते, भाजीवालीशी घासाघीस करते, खूश आहे. प्रश्न फक्त कागदांचा होता आणि घरात इंग्रजी फॉर्म भरणारी मीच.

तर पहिल्यांदा ही पेन्शन ठरते कशी ते बघा, कारण इथंच लोकांचा घोळ होतो. तिकडं नोकरी करताना पगारातून नॅशनल इन्शुरन्स कापलं जातं, आणि ते किती वर्षं भरलंय त्यावर पेन्शन ठरते, शेवटचा पगार किती होता याला काही किंमत नाही. ६ एप्रिल २०१६ पासून नवी पद्धत आहे, ती ६ एप्रिल १९५१ ला किंवा नंतर जन्मलेल्या पुरुषांना आणि ६ एप्रिल १९५३ ला किंवा नंतर जन्मलेल्या बायकांना लागू होते, त्याआधीचे सगळे जुन्या बेसिक पेन्शनमध्ये. नव्यात पूर्ण रक्कम मिळायला साधारण ३५ वर्षं भरलेली लागतात आणि काहीतरी मिळायला कमीत कमी १० वर्षं. पूर्ण रक्कम २०२५-२६ ला आठवड्याला २३० पाउंड २५ पेन्स होती, जुन्या बेसिकची १७६ पाउंड ४५ पेन्स. वयाचं म्हणाल तर ६६ होतं, आता एप्रिल २०२६ पासून हळूहळू ६७ कडं चाललंय, मार्च १९६१ च्या ५ तारखेनंतर आणि एप्रिल १९७७ च्या ६ तारखेआधी जन्मलेल्यांनी ६७ च धरून चालावं.

आता त्या १० वर्षांच्या अटीबद्दल थोडं जास्त बोलते. आपल्या कोल्हापूर-सांगलीकडची कितीतरी पोरं पुण्याच्या आयटी कंपनीतून लंडनला पाच-सहा वर्षं राहून आलीत, तेवढी वर्षं दर महिन्याला इन्शुरन्स कापलं गेलंय, आणि त्यांना वाटतं म्हातारपणी थोडीफार तरी पेन्शन येईलच. येत नाही. दहाच्या खाली असाल तर शून्य, आणि भरलेले पैसे मागे मिळत नाहीत. काही देशांशी ब्रिटनचा असा करार आहे की दोन्हीकडची वर्षं जोडून धरतात, भारताबरोबर तशी सोय नाही. जुलै २०२५ ला भारत-ब्रिटनचा मोठा व्यापार करार झाला तेव्हा सामाजिक सुरक्षेचंही बोलणं झालं, पण ते तात्पुरत्या बदलीवर जाणाऱ्यांना दोन्हीकडं वर्गणी भरायला लागू नये यासाठीचं, पेन्शन सुरू झालेल्यांना त्याचा उपयोग नाही. माझ्या दोन-तीन ओळखीच्यांनी ती बातमी वाचून आता आत्तीची पेन्शन वाढणार म्हणून फोन केले होते म्हणून मुद्दाम लिहिलं.

कमी पडणारी वर्षं स्वतः पैसे भरून पूर्ण करता येतात, फक्त आधी ती स्वस्तात व्हायची. परदेशात राहून भरणाऱ्यांना क्लास २ नावाचा स्वस्त प्रकार होता, २०२५-२६ ला आठवड्याला साडेतीन पाउंड फक्त, वर्षाला दोनशे पाउंडसुद्धा नाहीत. ६ एप्रिल २०२६ पासूनच्या काळासाठी परदेशातल्यांना तो बंद केलाय. राहिला क्लास ३, तो २०२५-२६ ला आठवड्याला १७ पाउंड ७५ पेन्स होता, म्हणजे वर्षाचे नऊशे पाउंडच्या वर, आणि त्यालाही आता तिकडं १० वर्षं राहिल्याची किंवा वर्गणी भरल्याची अट घातलीय, आधी ३ वर्षांवर भागत होतं. तरीपण ज्याची खरंच वर्षं कमी पडतात त्याला क्लास ३ सुद्धा परवडतो, हिशोब करून बघा, २३० पाउंड २५ ला ३५ नं भागलं की एका वर्षामागं आठवड्याला साडेसहा पाउंडच्या वर येतात, वर्षाला ३४० च्या आसपास, म्हणजे भरलेले पैसे तीन वर्षांच्या आत वसूल आणि पुढं जगाल तेवढा फायदा. फक्त भरायच्या आधी ब्रिटिश सरकारच्या वेबसाइटवर जाऊन आपला पेन्शन फोरकास्ट, म्हणजे पुढं किती पेन्शन बसेल त्याचा अंदाज, बघायचा, कारण काही जणांची रक्कम आधीच पूर्ण झालेली असते आणि त्यात आणखी पैसे घालून एक पेनी वाढत नाही. मागची गाळलेली वर्षं साधारण सहा वर्षांपर्यंतचीच भरता येतात. २००६ पासूनची भरायची खास सवलत होती ती ५ एप्रिल २०२५ ला संपली.

त्या वेबसाइटचं मी मनापासून कौतुक करते. भाषा साधी, उगाच वकिली इंग्रजी नाही, कुठल्या वर्षी किती भरलंय ते वर्षावार दिसतं, कुठलं वर्ष अपुरं आहे तेही दिसतं. आपल्याकडं पीएफचं पासबुक उघडायला ज्यांनी जीव काढलाय त्यांना फरक कळेल.

आत्तीच्या रेकॉर्डमध्ये दोन गोष्टी होत्या ज्या तिकडं नोकरी केलेल्या बऱ्याच बायकांच्यात असतात, त्या जरा नीट वाचा. एक म्हणजे मुलं लहान असताना घरी बसलेली वर्षं. १९७८ ते २०१० या काळात अशा बायकांना होम रिस्पॉन्सिबिलिटीज प्रोटेक्शन म्हणून संरक्षण होतं, ती वर्षं वाया जाऊ नयेत म्हणून. पण मे २००० च्या आधी चाइल्ड बेनिफिटच्या, म्हणजे मुलांसाठी सरकार देतं त्या भत्त्याच्या, फॉर्मवर जिनं इन्शुरन्स नंबर लिहिला नव्हता तिच्या रेकॉर्डवर ते चढायचं राहून गेलं असू शकतं, हे ब्रिटिश सरकारनंच नंतर मान्य केलं आणि बायकांना पत्रं पाठवायला लागले. पत्र जुन्या पत्त्यावर गेलं असेल तर तुम्हाला कळणारही नाही. त्यामुळं आई, मावशी, काकू कोणी तिकडं मुलं वाढवून आली असेल तर तिचं रेकॉर्ड उघडून ती वर्षं रिकामी दिसतात का ते बघा, दिसली तर त्याचा वेगळा अर्ज आहे, फुकट आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे सरकारी हॉस्पिटल, शाळा, मोठ्या कंपन्या यांची स्वतःची पेन्शन स्कीम असते, आणि २०१६ च्या आधी त्यात असणाऱ्यांनी नॅशनल इन्शुरन्स कमी दरानं भरलेलं असायचं, त्याला काँट्रॅक्टेड आउट म्हणतात. अशांना ३५ वर्षं पूर्ण असूनही स्टेट पेन्शन थोडी कमी येते. आत्तीला वाटलं आपल्यावर अन्याय झाला, पण तसं नाही, तो भाग तिच्या हॉस्पिटलच्या पेन्शनमध्ये आलेला आहे.

अर्जाचं काम सोपं आहे. पेन्शन आपोआप सुरू होत नाही, मागावी लागते, आणि परदेशात राहणाऱ्यांसाठी इंटरनॅशनल पेन्शन सेंटर म्हणून वेगळा विभाग आहे, वय पूर्ण व्हायच्या चार महिने आधीपासून अर्ज करता येतो. फॉर्ममध्ये नोकरीची माहिती, कुठल्या देशात किती राहिलात, जोडीदाराची माहिती, बँक. पैसे ब्रिटनच्या खात्यात घ्या नाहीतर इथल्या खात्यात, इथं घेतले तर रुपयात येतात, आणि दर चार आठवड्यांनी किंवा दर १३ आठवड्यांनी असं निवडता येतं. चार आठवड्यांनी म्हणजे आपल्या महिन्याच्या एक तारखेशी ते जुळत नाही, वर्षातून १३ वेळा जमा होते, हे घरच्या मंडळींना आधीच सांगून ठेवा नाहीतर दर वेळी तारीख का बदलली म्हणून विचारत बसतात. अर्ज उशिरा केला तर मागचे १२ महिन्यांपर्यंतचे पैसे मागता येतात.

खरी डोकेदुखी झाली ती इथल्या बँकेच्या शाखेत. नाव घेत नाही. परदेशातून सरकारी पेन्शन येणार आहे म्हटल्यावर काउंटरवरच्या मुलाला वाटलं पोरगा पैसे पाठवतोय, दुसऱ्यानं वेगळ्याच प्रकारचं खातं उघडायला सांगितलं, तिसऱ्या टेबलावर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळ भारतीयांना मिळतं ते) म्हणजे काय इथून सुरुवात. शेवटी मॅनेजरबाईंनी स्वतः बसून केलं, त्यांनी आत्तीला खुर्ची दिली, चहा मागवला, आणि अर्ध्या तासात काम संपलं. तेव्हा पहिल्यांदाच मॅनेजरच्या केबिनमध्ये जा आणि ओसीआय, पासपोर्ट, पॅन आणि पेन्शनचं पत्र सगळं बरोबर ठेवा.

एजंटबद्दल तर कळकळीनं सांगते. शहरात एकानं आम्हाला हेच काम करून द्यायचे पहिल्या वर्षाच्या पेन्शनमधली टक्केवारी मागितली होती, वर म्हणे माझी तिकडं ओळख आहे. ओळखीचं यात काहीच काम नाही. फॉर्म फुकट, माहिती फुकट. इंग्रजीची भीती वाटत असेल तर घरातल्या कॉलेजच्या पोराला बसवा पण आपला इन्शुरन्स नंबर आणि जन्मतारीख अनोळखी माणसाच्या हातात देऊ नका.

हयातीचा दाखला आपल्याकडं सगळ्या पेन्शनरना माहीत आहे, नोव्हेंबर आला की बँकेत रांगा. ब्रिटनचं थोडं वेगळं आहे. ते वेळोवेळी पोस्टानं लाइफ सर्टिफिकेटचा कागद पाठवतात, त्यावर आपली सही, एका साक्षीदाराची सही, आणि पोस्टानंच परत पाठवायचा. मोबाईलवर अंगठा लावून आपल्यासारखं होत नाही. साक्षीदार नातेवाईक नको, त्याच घरात राहणारा नको, आणि डॉक्टर, वकील, शिक्षक, बँक अधिकारी असा प्रतिष्ठित माणूस पाहिजे, तो ब्रिटनचाच असला पाहिजे असं काही नाही. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी दोन मिनिटांत करून दिलं. कागद वेळेत परत गेला नाही तर पेन्शन थांबू शकते, म्हणून पत्ता बदलला की लगेच कळवायचं, आणि पाठवताना साध्या पोस्टात न टाकता स्पीड पोस्टनं पाठवून पावती जपायची. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी तर हे फार सांभाळा, वॉचमननं पत्र परत पाठवलं की महिनोनमहिने पैसे नाहीत.

आता मुख्य दुखणं. ब्रिटनमध्ये राहणाऱ्याची पेन्शन दर एप्रिलला वाढते. त्याला ट्रिपल लॉक म्हणतात, पगारवाढ, महागाई आणि अडीच टक्के या तिन्हीत जे जास्त तेवढी वाढ. एप्रिल २०२३ ला १०.१ टक्के वाढली होती. हीच वाढ युरोपात राहणाऱ्या ब्रिटिश पेन्शनरला मिळते, अमेरिकेत राहणाऱ्याला मिळते, फिलिपिन्समध्ये मिळते. भारतात नाही. पाकिस्तानात नाही, कॅनडात नाही, ऑस्ट्रेलियात नाही, न्यूझीलंडमध्ये नाही. का, तर त्या देशांशी तसा करार नाही. म्हणजे दोघांनी एकाच कारखान्याला तेवढाच ऊस घातला आणि एकाला दरवर्षी नवा दर आणि दुसऱ्याला कायम पहिल्या वर्षीचा, कारण काय तर त्याचं घर पंचगंगेच्या पलीकडं.

आकड्यात बघा म्हणजे कळेल. २०२२-२३ ला पूर्ण पेन्शन आठवड्याला १८५ पाउंड १५ पेन्स होती. त्या वर्षी जो भारतात बसून पेन्शनर झाला तो २०२५-२६ लाही १८५ पाउंड १५ वरच, आणि त्याच्याच बरोबर नोकरी केलेला, तेवढीच वर्षं भरलेला, बर्मिंगहॅमला राहिलेला मित्र २३० पाउंड २५ वर. फरक आठवड्याला ४५ पाउंड १० पेन्स, वर्षाला २,३०० पाउंडच्या वर, रुपयात अडीच लाखांच्या पुढं. हे फक्त तीन वर्षांत. पुढची पंधरा-वीस वर्षं धरा, आणि त्या वयात औषधांचा खर्च वाढतच असतो.

लोक यासाठी भांडलेत, गप्प बसले नाहीत. अ‍ॅनेट कार्सन म्हणून बाई, ब्रिटनमधून दक्षिण आफ्रिकेत राहायला गेलेल्या, त्या हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तिकडच्या तेव्हाच्या सर्वात वरच्या कोर्टापर्यंत गेल्या, २००५ ला तिथं हरल्या, मग युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात गेल्या, तिथं मार्च २०१० ला ११ विरुद्ध ६ मतांनी निकाल विरोधात गेला. अ‍ॅन पकरिज तर दुसऱ्या महायुद्धात सेवा केलेल्या, २००१ ला मुलीजवळ कॅनडात गेल्या, त्यांची पेन्शन आठवड्याला ७२ पाउंड ५० पेन्सवर थांबलेली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये शंभरीला टेकलेल्या असताना त्या लंडनला येऊन पंतप्रधानांची भेट मागत होत्या. अशी थांबलेली पेन्शन घेणारे जगभर साडेचार लाखांच्या आसपास लोक आहेत. सरकार कुठल्या पक्षाचं आहे यानं फरक पडलेला नाही. हे वाचून आत्ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली रात्रपाळ्या तर आम्ही सगळ्यांनी सारख्याच केल्या. मला यात दुसरी बाजू दिसतच नाही. वर्गणी घेताना म्हातारपणी कुठं राहणार हे कोणी विचारलं नव्हतं.

आपल्याकडं ईपीएस-९५, म्हणजे पीएफ खात्याच्या पेन्शनवाले वर्षानुवर्षं आंदोलन करतात, किमान पेन्शन २०१४ ला एक हजार केली आणि पुढं कितीतरी वर्षं तिथंच, त्यांना हे दुःख लगेच कळेल.

एक बारीक सोय आहे ती सांगते. भेटीसाठी ब्रिटनला गेलात तर आधी कळवून तेवढ्या मुक्कामापुरती चालू दरानं पेन्शन घेता येते, परत इथं आलात की पुन्हा जुना आकडा. कायमचं परत गेलात तर मात्र पूर्ण चालू दर लागू होतो. आणि नोकरीच्या ठिकाणची पेन्शन वेगळी, सरकारी हॉस्पिटलची पेन्शन तुम्ही कुठंही राहा, महागाईप्रमाणं वाढते. आत्तीचं घर खरं म्हणजे त्यावरच चाललंय. ज्यांची सगळी भिस्त फक्त स्टेट पेन्शनवर आहे त्यांनी इथं यायच्या आधी दहा वर्षांनंतरचा हिशोब मांडा, आजचा नको. आज कोल्हापुरात त्या रकमेत उत्तम भागतं, दोन माणसांचं आरामात, पण रक्कम तीच राहणार आणि इथली भाजी, बाई, दवाखाना सगळं वाढणार.

बाकी सवलती तर तिकडंच राहतात. पेन्शन क्रेडिट, म्हणजे कमी उत्पन्नाच्या म्हाताऱ्यांना वरचे पैसे, ते फक्त तिथं राहणाऱ्याला, चार आठवड्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलात की साधारणपणे बंद. थंडीत घर गरम ठेवायला मिळणारे विंटर फ्युएलचे पैसे, दुखणाईताला मिळणारा अटेंडन्स अलाउन्स, घरभाड्याची मदत, बसचा पास, फुकट औषधं, यातलं काहीही कोल्हापूरला येत नाही. तिकडचा फुकट दवाखानाही तिथं राहणाऱ्यांसाठी आहे, पासपोर्ट ब्रिटिश आहे एवढ्यावर भेटीला गेल्यावर हॉस्पिटलचं ठरवून केलेलं ऑपरेशन फुकट होत नाही. त्यामुळं इथला मेडिक्लेम यायच्या आधीच बघा, सत्तरीनंतर नवीन पॉलिसी घेणं किती अवघड आणि महाग ते एजंटला विचारलं की कळेल.

टॅक्ससाठी चांगला सीए गाठा. भारत-ब्रिटनमध्ये १९९३ चा दुहेरी कर टाळण्याचा करार आहे, त्यामुळं एकाच पैशावर दोनदा कर जायचं कारण नाही, पण इथं रहिवासी ठरलात की ही पेन्शन इथल्या रिटर्नमध्ये दाखवायला लागते आणि तिकडचं बँक खातं चालू असेल तर त्याचीही माहिती द्यायला लागते. शाहूपुरीत सीएंची कमी नाही, पण परदेशी उत्पन्नाचं काम केलेला आहे का ते आधी विचारा, आम्हाला पहिले भेटले त्यांनी पेन्शन म्हटल्यावर थेट सगळं करमुक्त असतं असं सांगून टाकलं होतं.

आणि एक अवघड पण गरजेची गोष्ट. माणूस गेला की घरच्यांनी पेन्शन सेंटरला लगेच कळवायचं, मृत्यूचा दाखला लागतो, नंतरचे जमा झालेले पैसे ते परत मागतात. आत्तीनं स्वतःच एका फाइलमध्ये इन्शुरन्स नंबर, पेन्शनचं पत्र, फोन नंबर, बँकेचे कागद आणि मामांच्या नोकरीची कागदपत्रं लावून माझ्याकडं एक झेरॉक्स सेट दिलाय, मूळ सेट तिच्या कपाटात आणि तिसरा तिकडच्या मुलाकडं.